आखरावरचं नाटक

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात मंडया लागतात. पाडव्याला गायी आखरावर, गावाकडेच्या गुरं जमण्याच्या मोकळ्या जागेवर आल्या, भाऊबीजेला लेकी माहेरी पोचल्या, की आज ह्या गावची मंडई, उद्या पलीकडच्या गावची, असं चक्र सुरू होतं. शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, जिलबीची कढई, बांगड्यांची दुकानं, फुगेवाले. एखाद्या झाडाखाली दोन घरची वडीलधारी माणसं सोयरिकीचं बोलत बसलेली. ह्या गलबल्यात कुठेतरी ढोलकीवर थाप पडते. पोरं धावत जाऊन पुढची जागा धरतात, बायका जवळच्या ओट्यांवर चढतात, आणि घटकाभरापूर्वी जिथे सायकली उभ्या होत्या तिथे एक रिंगण तयार होतं. कोणी फक्की मारलेली नसते, दोरी बांधलेली नसते. माणसांच्या पायांनीच हद्द आखलेली असते. दंडार उभी राहिली.

पुढची सगळी पानं ह्या रिंगणाबद्दल आहेत: त्याची तालीम, त्याच्या वह्या, त्याची जागा, त्यात उभी राहणारी माणसं. प्रस्तावनेचं काम वाचकाला त्या रिंगणाच्या काठापर्यंत आणून सोडण्याचं. पण तिथवर येताना एक गाठ आधी सोडवावी लागते. दंडार म्हटलं की शिकलेल्या मराठी वाचकाच्या मनात 'लोककला' हा शब्द उमटतो, आणि त्या शब्दाबरोबर रंगीत फेटे, प्रजासत्ताक दिनाचा चित्ररथ आणि 'जतन करायला हवं' हे वाक्य येतं. मी दंडारीकडे नाटक म्हणून पाहतो. एका समूहाने मिळून रचलेलं, प्रेक्षकाला आत घेऊन केलेलं, दर वर्षी नव्याने मांडलेलं नाटक. पुण्या-मुंबईत ज्याला प्रायोगिक म्हणतात त्याच्या शेजारी ठेवून तिच्याबद्दल बोललं, की तिच्यातल्या कौशल्याचं खरं मोल कळतं. त्या बोलण्याला इथे सुरुवात करतो.

हे मी शहापुरात बसून लिहितो आहे. शहापूर म्हणजे भंडाऱ्याहून नागपूरला जाताना लागणारं, महामार्गाला लागून असलेलं गाव. पूर्वी ह्या रस्त्याला सहा नंबरचा हायवे म्हणत, आता तो ५३ आहे. मुंबई-कोलकात्याचे ट्रक रात्रभर जातात. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी, गावात अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि रस्ता सोडून आत वळलं की धानाच्या बांध्या. पाळीचा भोंगा ऐकून उठणारी घरं आणि पावसाकडे बघून उठणारी घरं इथे शेजारी शेजारी आहेत. दंडारीचा जुना मुलूख अरण्यातला मानला जातो, झाडीपट्टी हे नावच झाडीवरून पडलं आहे. मला मात्र ती महामार्गाच्या कडेला बघायला आवडते. ट्रकचा हॉर्न आणि ढोलकी एकाच वेळी ऐकू येत असताना पाच-सहाशे माणसं एका गवळणीत गुंतून उभी असतात, तेव्हा ह्या नाटकाची ताकद कळते.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर हे चार जिल्हे, नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा काही भाग धरून. गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा होईपर्यंत भंडाऱ्यातच होता, त्यामुळे जुनी माणसं अजून दोन्ही जिल्ह्यांना एकच समजतात. ह्या पट्ट्याची बोली वेगळी. तिच्यात 'डोळा' हा 'डोरा' होतो आणि 'पाणी' हे 'पानी'. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ह्या झाडीबोलीसाठी आणि इथल्या लोकनाट्यांसाठी आयुष्य वेचलं. दंडार, खडी गंमत, दंडीगान, डाहाका ही नावं आज अभ्यासकांच्या लिखाणात सापडतात त्याचं मोठं श्रेय त्यांना जातं. त्यांच्या कामाशिवाय ही प्रस्तावना लिहिण्याची हिंमत मला झाली नसती.

दंडार ही नाच, गाणं आणि बोलणं ह्यांची मिळून बनते. सुरुवातीला नमन. मग हातातल्या लाकडी काठ्यांच्या ठेक्यावर नाचणाऱ्यांच्या हालचाली, गाणं म्हणणारे एका बाजूला, वाद्यं त्यांच्याजवळ. मधेच सोंग येतं: सावकार, भोंदू बाबा, दारुडा नवरा. काही दंडारी नाचातच रमतात, काहींत पूर्ण कथा लावलेली असते, तिला परसंगी दंडार म्हणतात. परसंग म्हणजे प्रसंग. खडी गंमत हे ह्याच घरातलं दुसरं भावंड, अधिक बोलकं आणि अधिक भांडखोर. ती उभ्याने करायची म्हणून खडी. शाहीर, नाच्या, ढोलकी, तुणतुणं, झांज, एवढ्यावर ती चालते. हुंडा, दारू, साक्षरता, कुटुंबनियोजन हे विषय तिने सहज पोटात घेतले. सरकारने प्रचारासाठी शाहिरांना बोलावलं हे खरं, पण मुळात गावातलं भांडण गावापुढे मांडायची सवय तिला आधीपासून होती म्हणूनच ते जमलं.

आता तालमीकडे येतो, कारण दंडार कशी बनते हे कळल्याशिवाय ती काय आहे हे कळत नाही.

ह्या नाटकाचं वेळापत्रक धान ठरवतं. मृगात पेरणी, मग परे, म्हणजे धानाची रोपं, मोठे झाले की आषाढ-श्रावणात रोवणी. रोवणीचे दिवस म्हणजे कंबर मोडायचे दिवस, तेव्हा गाणी असतात ती चिखलातच. रोवणी आटोपली, पोळा आला, की धान वाढत असताना माणसाच्या हाताला थोडी उसंत मिळते. तेव्हा कुणाच्या तरी सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, रात्रीची तालीम बसते. दिवाळीच्या आगेमागे हलका धान कापणीला येतो आणि जड धान अजून उभा असतो. ह्या दोन कापण्यांच्या मधल्या फटीत मंडई येते. घरात नुकता थोडा पैसा आलेला असतो, मोठं काम अजून बाकी असतं, आणि माहेरवाशिणी गावात असतात. नाटकासाठी वर्षातला ह्याहून चांगला मुहूर्त शोधून सापडणार नाही.

लहानपणी ज्या सपरीत मी तालीम पाहिली तिथे दिग्दर्शक नावाचा माणूस नव्हता. एक वयस्क गृहस्थ होते, त्यांच्याकडे वही होती. वहीत गाणी होती आणि गाण्यांचा क्रम होता. मधली भाषणं कुठेच लिहिलेली नव्हती. हरिश्चंद्राचा परसंग बसवायचा असला तर प्रत्येकाला कथा माहीत असायचीच. कोण कुठल्या गाण्यानंतर बोलणार एवढं ठरायचं, आणि मग बोलणं सुरू व्हायचं. एकजण म्हणायचा, डोंबाने हरिश्चंद्राला विकत घेतलं तेव्हा घासाघीस झाली असेल ना, मग ती दाखवू. दुसरा बैलबाजारातली घासाघीस करून दाखवायचा. सगळे हसायचे, आणि हसता हसता एकदम गप्प व्हायचे, कारण माणसाचे दात बघून किंमत ठरवणं त्यांच्या डोळ्यांसमोर आलेलं असायचं. ते दृश्य राहायचं. कुणाचं होतं ते दोन दिवसांनी कुणालाच आठवायचं नाही. सपरीच्या दारात उभी असलेली पाणी भरायला आलेली बाईसुद्धा एखादा शब्द सुचवून जायची आणि तो शब्द मंडईत ऐकू यायचा.

आजकाल समूहाने मिळून नाटक रचण्याला मोठी प्रतिष्ठा आहे, आणि ती योग्यच आहे. पण मराठी रंगभूमीचा जन्मच असा झाला हे आपण विसरलो. ५ नोव्हेंबर हा आपण रंगभूमी दिन मानतो, कारण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' झालं. त्या प्रयोगात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं वेळेवर, स्वतःच्या जिभेने करायची. लेखकाने लिहून दिलेले संवाद पाठ करणं हे पुढच्या काळातलं. भाव्यांची ती रीत शहरातून गेली आणि सपरीत राहिली. बहुतेक वर्षी ५ नोव्हेंबरच्या आसपासच आमच्याकडे मंडया चालू असतात. नाट्यगृहात नटराजपूजन होत असतं, त्याच सुमारास आखरावर त्या मूळ पद्धतीचा प्रयोग सुरू असतो.

मराठी प्रायोगिक रंगभूमीने ही नाळ ओळखली नव्हती असं मी म्हणणार नाही. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. रंगमंचावर गाणाऱ्या-डोलणाऱ्या ब्राह्मणांची रांग. ती पाठ फिरवते तेव्हा भिंत होते, वळते तेव्हा जमाव होते, फटींतून डोकावते तेव्हा अख्खं पुणं होते. माणसांच्या देहांनी जागा घडवायची ही युक्ती खेळे, दशावतार, दंडार पाहिलेल्या माणसाला ओळखीची वाटते. पण ती भिंत रंगमंचावर होती. तिच्या पलीकडे खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि खुर्च्यांतला माणूस अंधारात होता.

तो अंधार घालवायचं काम बादल सरकारांनी मनावर घेतलं. पेशाने ते नगररचनाकार होते, त्यामुळे माणसं कुठून चालतात, कुठे थांबतात ह्याचा विचार त्यांच्या हाडात होता. १९६७ मध्ये त्यांनी 'शताब्दी' हा गट काढला आणि सत्तरच्या दशकात पडद्याचं नाट्यगृह सोडून दिलं. आंगनमंच म्हणजे खोलीत प्रेक्षकांच्या मधोमध, आणि मुक्तमंच म्हणजे उघड्यावर. 'मिछिल' ह्या नाटकात मिरवणूक प्रेक्षकांच्या बैठकींमधून वळणं घेत जाते आणि शेवटी प्रेक्षकही तिच्यात ओढले जातात. अमोल पालेकरांनी ते 'जुलूस' म्हणून मराठीत केलं. दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह त्या दशकात अशा धडपडींचं घरच होतं. तिकडे न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड शेकनरच्या गटाने १९६८ साली एका गॅरेजमध्ये लाकडी मचाणं बांधून ग्रीक शोकांतिका केली आणि प्रेक्षकांना वाटेल तिथे बसायला, वाटलं तर नाचात उतरायला सांगितलं.

गेल्या पंचवीस वर्षांत ह्या वाटेवर सगळ्यात जास्त बोलबाला झाला तो 'पंचड्रंक' ह्या ब्रिटिश गटाचा. ते अख्खी इमारत नाटकासाठी सजवतात. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून त्यांनी केलेलं 'स्लीप नो मोअर' न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत चाललं. प्रेक्षक खोल्याखोल्यांतून हिंडतो, कपाटं उघडतो, पत्रं वाचतो, नटाच्या मागे जिना चढतो. आत शिरताना त्याला एक मुखवटा देतात आणि बोलायला मनाई करतात.

त्या मुखवट्यावर मी बराच विचार केला आहे. प्रेक्षक नाटकाच्या आत यावा म्हणून त्याचा चेहरा झाकावा लागतो, त्याला कुणी ओळखणार नाही ह्याची हमी द्यावी लागते. मगच तो मोकळा होतो. दंडारीत नेमकं उलटं घडतं. इथे प्रेक्षकाला सगळे नावानिशी ओळखतात. सोंग घेतलेला माणूस रिंगणातून थेट समोरच्याला हाक मारतो, त्याच्या बैलाचं नाव घेतो, त्याच्या न बांधलेल्या धुऱ्याबद्दल विचारतो. समोरचा उत्तर देतो, आणि ते उत्तर नाटकाचा भाग होतं. कुणी नाच्याला बक्षीस दिलं तर शाहीर देणाऱ्याचं नाव गाण्यात ओवतो. तुम्ही आत आहात की बाहेर हा प्रश्नच उपस्थित होत नाही, कारण मंडईला आलात तेव्हाच तुम्ही आत आलेले असता.

म्हणून दंडारीपुढचं आव्हान वेगळं आहे, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. शहरातला गट अनोळखी माणसाला आपलंसं करण्यासाठी धडपडतो. दंडारीतल्या नटाला ओळखीच्या माणसांसमोर अनोळखी व्हायचं असतं. तारामती करणारा पोरगा कोण आहे हे रिंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तो परवा कुणाच्या धुऱ्यावरून भांडला, त्याच्यावर किती उधारी आहे, त्याच्या बापाचं औषधपाणी कुठे चालू आहे, सगळं. दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात, नेसलेल्या लुगड्याखालून त्याचे रापलेले पाय दिसत असताना, त्याने तारामती व्हायचं असतं. प्रकाशयोजना नाही, पडदा नाही, झाकायला काहीच नाही. त्याच्याकडे आवाज असतो, गाणं असतं, आणि त्याच्याशी संगनमत केलेला अख्खा गाव असतो. तो तारामती होतो तेव्हा गावाने त्याला तसं होऊ दिलेलं असतं. संमतीचा एवढा मोठा, एवढा न बोलता झालेला करार मी दुसऱ्या कुठल्या नाट्यप्रकारात पाहिलेला नाही.

ही गोष्ट ज्याने शहरातून येऊन समजून घेतली असा एक माणूस आमच्या शेजारच्या मुलखात होऊन गेला. हबीब तन्वीर रायपूरचे. गोंदियावरून रेल्वेने पूर्वेला निघालं की डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, मग रायपूर. तिकडचा नाचा आणि आमची दंडार-खडी गंमत ह्यांचं घराण्यासारखं नातं आहे. तन्वीर लंडनला शिकून आले होते. नाचाच्या नटांना घेऊन नाटक करताना सुरुवातीची बरीच वर्षं गाडं अडून राहिलं. त्यांनीच पुढे कबूल केलं की चूक त्यांची होती. नटांना ते हिंदीत बोलायला लावत होते आणि डावीकडून उजवीकडे अमुक पावलं चाला असं सांगत होते. नाचाचा नट जिकडून दाद येते तिकडे वळतो. चारी बाजूंनी माणसं असतात तेव्हा डावं-उजवं असं काही नसतंच. तन्वीरांनी त्यांना छत्तीसगढीत बोलू दिलं, हिंडू दिलं, आणि १९७३ च्या रायपूरच्या कार्यशाळेनंतर त्यांचं नाटक बहरलं. १९७५ च्या 'चरणदास चोर'ने पुढे एडिंबरोच्या महोत्सवात पुरस्कारही मिळवला. झाडीपट्टीला असा तन्वीर मिळाला नाही. ह्याची रुखरुख मला आहे, आणि ती लपवण्याचं कारण नाही. आमच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणणाऱ्या शाळांतून आम्ही शिकलो, आणि शिकून मोठे झालो तेव्हा दंडारीतल्या पोरांना आम्हीच प्रमाण मराठी बोलायला शिकवू लागलो.

ह्या नाट्याचा आणखी एक धागा दक्षिणेकडे जातो. तेलंगणातल्या आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये दिवाळीच्या दिवसांत दंडारीची पथकं निघतात, मोरपिसांचा टोप घातलेले गुसाडी पुढे असतात. एका गावची दंडारी दुसऱ्या गावाला पाहुणी म्हणून जाते. पाहुण्यांना जेवू घालणं, त्यांच्यासोबत नाचणं, मग कधीतरी आपली दंडारी घेऊन त्यांच्या गावी जाणं, असा हा व्यवहार. गुसाडी नाचाचे जाणते कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची दंडारी आणि आमची दंडार ह्यांत कोण आधी, कोण नंतर ह्या वादात मला रस नाही. प्रयोग म्हणजे एका गावाने दुसऱ्या गावाला दिलेली भेट, ही कल्पना मात्र मला फार जवळची वाटते. तिकिटाचा विचार करण्याआधी आपण पाहुणचाराचा विचार करत होतो.

तिकिटाचं नाटकही झाडीपट्टीत आहे आणि ते जोरात आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं ठाणं. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, गावोगावची मंडळं तिथल्या नाट्यसंस्थांना सुपारी देतात, रात्री पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने झाडीपट्टीचं नाव काही दिवस घेतलं. ह्या नाटकांचं शंकरपटाशी घट्ट नातं. दिवसा बैलांची शर्यत, रात्री नाटक. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, तेव्हा गर्दीचं एक मोठं कारणच गेलं. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा कायदा मान्य केला आणि पट पुन्हा सुरू झाले. मधे २०२० चा हंगाम करोनाने खाल्ला. इतकं सगळं होऊनही रात्रीचं नाटक तगलं, कारण त्याच्यामागे बाजार आहे. दंडारीमागे बाजार नाही. तिचा हिशेब फक्त गाव ठेवतो, आणि गावातली पोरं पुण्याच्या चाकणला किंवा नागपूरच्या बुटीबोरीला कारखान्यात गेली की तालमीची सपरी रिकामी पडते.

दंडारीचे दोष इथेच सांगायला हवेत. तिच्या रिंगणात बाई नाही. तारामती, द्रौपदी, गवळण, सगळ्या पुरुषांनी केल्या. ज्या बाया रोवणीत दिवसभर गाणी रचतात, त्यांचा आवाज मंडईच्या नाटकात ओट्यावरून फक्त हसण्या-रडण्यापुरता येतो. स्त्रीपात्र करणाऱ्या पुरुषांच्या कसबाबद्दल मला नितांत आदर आहे, तरी हे न्याय्य नव्हतं आणि नाही. रात्रीच्या नाटकांनी बायकांना रंगमंचावर आणलं, दंडारीने अजून ते पुरतेपणी केलेलं नाही. दुसरं, गाव म्हणजे सगळं गाव असं मी वर लिहिलं, पण कोण रिंगणाच्या पुढच्या ओळीत आणि कोण पाठीमागून टाचा उंचावून, हे कित्येक पिढ्या जातीने ठरवलं. बादल सरकार, शेकनर, छबिलदासची मंडळी ह्यांनी बसण्याच्या जागेवर एवढा खल केला, कारण बसण्याच्या जागेतच सत्ता असते. दंडारीला ह्या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. ज्या गावांत आता मुली काठ्या हातात घेऊन नाचात उतरू लागल्या आहेत, तिथे मी मुद्दाम थांबतो.

आणि मग ते दहा मिनिटांचं दुखणं. काही वर्षांपूर्वी एका सांस्कृतिक महोत्सवात मी दंडारीच्या एका मंडळाबरोबर गेलो होतो. मंडळातली माणसं पहाटे घरून निघाली होती. दुपारी त्यांना सांगण्यात आलं की कार्यक्रम लांबला आहे, दहा मिनिटांत आटोपा. नमन, एक नाच, एक गवळण. परसंग नको. त्यांनी विरोध केला नाही. उंच रंगमंचावर, डोळे दिपवणाऱ्या दिव्यांत, समोरच्या काळोखाकडे तोंड करून ते नाचले. टाळ्या झाल्या. परतताना गाडीत ज्यांनी वही सांभाळली होती ते गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कोनाकडं पाहून बोलाचं हेच समजत नोयतं." समोर माणसं होती, पण ती त्यांना दिसत नव्हती आणि त्यांना ओळखत नव्हती. अनोळखी होण्यासाठी आधी कुणीतरी ओळखणारं लागतं. ते तिथे नव्हतं, म्हणून तिथे जे झालं ते नीटनेटकं होतं, रंगीत होतं, आणि दंडार नव्हती.

हे लिहिताना मला आयोजकांवर राग काढायचा नाही. त्यांनी आदराने बोलावलं होतं, मानधन दिलं होतं. त्यांनी दंडारीला एक वस्तू मानलं, जी गाडीत घालून कुठेही नेता येते, आणि तो समज आपल्या सगळ्यांचाच आहे. लोककलेचं जतन म्हणून आपण गाणी ध्वनिमुद्रित करतो, पोशाख काचेत ठेवतो. मंडईला जाऊन रिंगणात चार तास उभं राहणं, सोंगाने हाक मारली तर उत्तर देणं, पुढच्या वर्षी पुन्हा जाणं, हे आपल्याला जतन वाटत नाही. माझ्या मते ते पहिलं काम आहे. ध्वनिमुद्रण नंतर.

नाट्यशाळांतून शिकून आलेली, गट करून नाटक रचू पाहणारी मुलं हल्ली मला भेटतात. जवळच्या महाविद्यालयातली काही, नागपूरची काही. ती विचारतात की दंडारीतून काय घ्यावं. ठेका घ्यावा का, काठ्या घ्याव्यात का, बोली घ्यावी का. मी त्यांना एका हंगामापुरतं एकाच गावात राहायला सांगतो. रोवणीला जा, चिखलात उतरा, मग पोळ्यानंतर सपरीत येऊन बसा. पहिल्या महिन्यात काही सुचवू नका. तुम्हाला गाव ओळखू लागला की एखाद्या रात्री कुणीतरी म्हणेल, बापू, तू कर रे डोंब. तेव्हा तुमचं खरं शिक्षण सुरू होईल, कारण त्या क्षणी तुम्हाला कळेल की ज्यांच्या घरी तुम्ही जेवलात त्यांच्या डोळ्यांत बघून त्यांना विकत घ्यायचं आहे.

पुढची पानं कशी वाचावीत ह्याबद्दल एकच विनंती. त्यांत जिथे गाण्यांचा क्रम दिला आहे, तिथे दोन गाण्यांच्या मधली मोकळी जागा वाचायला विसरू नये. ती जागा वहीत कोरी असते. सगळं नाटक तिथे घडतं, आणि ते दर वर्षी वेगळं घडतं. त्यामुळे कुठल्याही एका प्रयोगाची नोंद ही त्या दिवसाची, त्या गावाची, त्या माणसांची नोंद आहे. तिला दंडारीची संहिता समजू नये.

शेवटी माझ्या लहानपणची एक सकाळ सांगून मी बाजूला होतो. आदल्या दिवशी आमच्याकडे मंडई झाली होती, हरिश्चंद्राचा परसंग झाला होता. तारामती ज्याने केली तो आमच्या ओळीतला, विशीतला जवान गडी. रोहिदासाला साप चावतो आणि तारामती त्याला मांडीवर घेऊन बसते, तिथे ओट्यावरच्या बायका पदरात तोंड घालून रडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तो विळा खांद्याला अडकवून जड धानाच्या कापणीला निघाला होता, गालावर अजून थोडी पावडर राहिलेली. वाटेवर एक म्हातारी अंगणात सडा टाकत होती. त्याला पाहून ती थांबली. हातातलं भांडं तिने खाली ठेवलं.

"रोहिदास बरा हाये ना रे बापू?" तिने विचारलं.

तो थांबला. खांद्यावरचा विळा त्याने हातात घेतला.

"हो माय," तो म्हणाला. "बरा हाये आता."